एक प्रिंटर, चार मशीन: आठ महिने शेअरिंगवर चालवल्यावर

दारव्हा तालुक्यात गावातच आमचं ऑनलाईन सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, पोरायचे स्कॉलरशिपचे फॉर्म, सगळं चालते. दिवाळीनंतर दोन जुने इंकजेट काढून टाकले अन् एक बरा मोनो लेझर घेतला, काउंटरच्या मशीनला यूएसबीनं लावला आणि तिथूनच बाकी तिघांना शेअर केला. म्हणजे काउंटरचं मशीन झालं प्रिंट सर्व्हर, नाव मोठं पण आहे तो साधा विंडोज १० प्रो ६४ बिटवाला डबा. बाकी दोन विंडोज ११ चे लॅपटॉप (एक होम एडिशन) आणि एक २ जीबी रॅमचं म्हातारं मशीन, त्यात विंडोज १० पण ३२ बिट (६४ बिटहून जुना प्रकार).

प्रिंटरले नाव ठेवायले जागा नाही, टोनर पुरते, लाईन जाऊन आली तरी उठतो. आठ महिन्यात जेवढा ताप झाला तो सगळा ड्रायव्हरचा, म्हणजे मशीनला प्रिंटरशी बोलतं करणाऱ्या सॉफ्टवेअरचा.

पहिलं अडलं ते म्हाताऱ्या मशीनवर. नेटवर्कमध्ये प्रिंटर दिसते, डबल क्लिक केलं की ड्रायव्हर मागते. सर्व्हर आपल्याजवळचा ड्रायव्हर समोरच्या मशीनला देतो हे खरं, पण सर्व्हरवर फक्त ६४ बिटचा होता अन् हे ३२ बिट, याला ड्रायव्हर वेगळा लागते, देणार काय. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंग टॅबवर ॲडिशनल ड्रायव्हर्स म्हणून बटन आहे, तिथून ३२ बिटचाही चढवायचा असते. मी चढवायला गेलो तर घेईचना, दीड दिवस गेला, मग कळलं की दोन्ही ड्रायव्हरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं पाहिजे. मी ३२ बिटचा कुठल्या तरी जुन्या सीडीतून काढला होता, त्याच्या नावात एक स्पेस जास्त. एक स्पेस! दोन्ही एकाच व्हर्जनचे कंपनीच्या साईटवरून डाउनलोड केले तेव्हा गाडी रुळावर आली.

दुसरा किस्सा माझ्या हाताखालच्या पोट्ट्याचा. होमवाल्या लॅपटॉपवर त्यानं स्वतःच ड्रायव्हर टाकला, यादीत एकसारखी तीन नावं, यानं पोस्टस्क्रिप्टवालं निवडलं. पोस्टस्क्रिप्ट अन् पीसीएल या प्रिंटरले हुकूम द्यायच्या दोन वेगळ्या भाषा, आमच्या प्रिंटरले फक्त पीसीएल समजते. काकाजी सातबाऱ्यासाठी उभे, अन् प्रिंटरमधून पानावर पान निघून राहिलं, सगळं इंग्रजी कोड, वरती टक्क्याचं चिन्ह अन् उद्गारचिन्ह. काकाजी म्हणे, "काहून बे, माह्या वावराचं एवढं लांब कागद?" पंचवीसेक पानं गेली तेव्हा स्विच बंद केला. तेव्हापासून नियम केला, नावाच्या शेवटी काय लिहिलं ते वाचल्याशिवाय ओके दाबायचं नाही.

पण खरी फजिती जुलैत झाली, पीक विम्याच्या गर्दीत. रात्री मी सर्व्हरवर नवा ड्रायव्हर टाकला, म्हटलं व्हर्जन नवीन आहे तर चांगलंच असेल. सकाळी तिन्ही मशीनवर ड्रायव्हर अपडेट करा म्हणते अन् ॲडमिनचा पासवर्ड मागते, पोट्ट्याजवळ पासवर्ड नाही अन् मी यवतमाळला. बाहेर रांग. हे असं काहून, तर २०२१ मध्ये प्रिंटनाईटमेअर नावाची भानगड निघाली होती, प्रिंट स्पूलरमधून (विंडोजचा प्रिंटची रांग सांभाळणारा भाग) नेटवर्कमधला साधा युजरही मशीनचा ताबा घेऊ शकत होता, म्हणून १० ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून सर्व्हरवरून ड्रायव्हर घ्यायला किंवा बदलायला ॲडमिनच लागतो. म्हणजे सर्व्हरवरची फाईल बदलली की बाकी मशीनवरची जुनी पडते, अन् साध्या युजरला ती बदलता येत नाही. यूट्यूबवर सांगतात रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात) एक व्हॅल्यू शून्य करा, प्रश्न मिटला. मिटते खरं, पण तेच दार परत उघडं राहते, आणि आमच्याकडे लोकायचे आधार अन् बँकेचे कागद मशीनवर असतात, मी नाही केलं.

त्यापेक्षा दोन गोष्टी केल्या. एक, सर्व्हरवर डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्जमध्ये जाऊन विंडोजला स्वतःहून ड्रायव्हर आणायला मनाई. दुसरं, ज्या व्हर्जनवर चारही मशीन चालतात ते दोन्ही बिटचं सेटअप एका पेनड्राईव्हवर, आणि बदलायचंच झालं तर रविवारी, चारही एकाच बैठकीत, ॲडमिनमधून. कोणावर कोणतं व्हर्जन आहे ते पाहायला रनमध्ये प्रिंटयूआय मग स्लॅश एस स्लॅश टी टू (printui /s /t2) असं टाकायचं, ड्रायव्हरची यादी उघडते, बिटही दिसते. होम एडिशनमध्ये प्रिंट मॅनेजमेंट (प्रिंटर अन् ड्रायव्हर सांभाळायचं विंडोजचं टूल) येत नाही, तिथं हेच कामाचं.

होमवाला लॅपटॉप मी शेवटी वेगळ्याच पद्धतीनं जोडला. लोकल प्रिंटर म्हणून ॲड केला, नवा लोकल पोर्ट (प्रिंट कुठं पाठवायची ती वाट) बनवला, पोर्टचं नाव म्हणून सर्व्हर अन् शेअरचा पत्ता, आणि ड्रायव्हर त्याच लॅपटॉपवरचा, बरोबर पीसीएलवाला. आता सर्व्हरवर काय बदलते याच्याशी त्याला देणंघेणं नाही, जुलैनंतर एकदाही अडला नाही. तोटा एवढाच की टोनर किती उरला ते तिथं दिसत नाही, अन् त्याचा ड्रायव्हर आपल्यालाच हातानं सांभाळावा लागते. दोन-तीन मशीन असतील तर मी हेच सांगीन, वीस असतील तर डोकं फिरेल.

म्हाताऱ्या मशीनला आता फक्त टायपिंगला ठेवलंय. विंडोज ११ ३२ बिटमध्ये येतच नाही, त्यामुळं हे गेलं की ॲडिशनल ड्रायव्हरची भानगडच संपते. घरचे म्हणतात दिवाळीपर्यंत चालव, मी म्हणतो पोळ्याच्या आधीच काढतो.