काजू कारखान्यात ईआरपी : सात महिन्यांच्या वापरानंतर

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला मध्यम आकाराचा काजू कारखाना. 14 लॉगिन. 1 फेब्रुवारीला सुरुवात झाली, आता चवथ (गणेश चतुर्थी) आटोपली. ईआरपी म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्याचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या धंद्याला बाजारातली चार-पाच तरी सहज चालतील. खरा फरक पडला तो सुरू करण्याआधीच्या चार महिन्यांमुळे, म्हणून अभिप्राय त्या तयारीबद्दलच.

आधी तारीख. सल्लागाराचा आग्रह 1 एप्रिलचा होता. हिशेबाच्या दृष्टीने ते सोयीचंच, पण गोव्यात काजूची बी येते मार्च ते मे. तेव्हा वजनकाट्यावरच्या माणसाला जेवायला सवड नसते, तो नवीन स्क्रीन कधी शिकणार? फेब्रुवारीत नाताळ-नववर्षाची विक्री संपलेली असते आणि गोदाम जवळपास रिकामं असतं, त्यामुळे सुरुवातीचा साठा मोजायला एक दिवस पुरला. तोटा एवढाच की वर्षाचे हिशेब जुन्या आणि नव्या अशा दोन सॉफ्टवेअरमध्ये विभागले गेले. ऑडिटर कुरकुरले, पण 31 जानेवारीची ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) दोन्हीकडे पैशासकट जुळवून ठेवली होती, म्हणून निभावलं.

टीम पाच जणांची: स्टोअर, खरेदी, ग्रेडिंग, अकाउंट्स आणि या चौघांना धरून ठेवणारा एक प्रमुख. आपल्याकडे जो मोकळा असतो त्याला अशा कामाला धाडतात, आणि तिथेच प्रकल्प बसतो. स्टोअरकीपर रोज अर्धा दिवस हवाच. त्यासाठी ऑक्टोबरातच त्याच्या हाताखाली माणूस घ्या आणि तो पगार प्रकल्पाच्या खर्चात धरा. मालकांकडून आठवड्याला अर्धा तास पुरतो, फक्त अडलेला निर्णय दोन दिवसांत मिळाला पाहिजे.

सगळ्यात जास्त वेळ आयटम मास्टरने, म्हणजे मालाच्या मूळ यादीने, खाल्ला. टॅलीतल्या (आधीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या) यादीत ‘डब्ल्यू 320 डबा’, ‘320 काजूगर’ आणि ‘काजू 320 10 किलो’ हा एकाच प्रतीचा माल तीन नावांनी होता. यादी साफ करायला दोन आठवडे धरले होते, सात लागले. मूळ एकक किलोच ठेवा. पोतं 80 किलोचं म्हणतात, पण भरतं कधी 78, कधी 82, त्यामुळे पोती फक्त मोजणीपुरती. एचएसएन कोड (जीएसटीसाठीचा मालाचा क्रमांक) तिथेच नीट लावा: बी 080131, काजूगर 080132, भाजलेला-खारवलेला माल 2008 खाली.

पुरवठादारांच्या मास्टरमध्ये ‘शेतकरी की व्यापारी’ हा रकाना आम्ही उशिरा घातला, ते महागात पडलं. शेतकऱ्याकडून बी घेतली तर जीएसटी रिव्हर्स चार्जने आपण भरायचा आणि स्वतःच्या नावाचं बिल आपणच काढायचं. व्यापारी नोंदणीकृत असेल तर तो नेहमीसारखा कर लावतो. हा रकाना नसल्यामुळे मार्चच्या खरेदीतली कितीतरी बिलं हाताने दुरुस्त करावी लागली.

आता ग्रेडिंग. सॉफ्टवेअरवाले प्रात्यक्षिकात दाखवतात ते उत्पादन अनेक सुटे भाग जोडून एक वस्तू बनवण्याचं. काजूत उलटं: एक पोतं फोडलं की अख्खा, पाकळी, तुकडा, टरफल, साल असं सगळं निघतं. खर्च वजनावर वाटला तर काय होतं ते पाहा. समजा 1,000 किलो बी 120 रुपयांनी घेतली, म्हणजे 1,20,000 रुपये. तिच्यातून 150 किलो अख्खे आणि 70 किलो तुकडे निघाले. वजनाने वाटणी केली की दोन्ही 545 रुपये किलो पडतात. तुकडा 540 ला विकला की रिपोर्टमध्ये तोटा, आणि अख्ख्यावर भलताच नफा. विक्रीमूल्याच्या प्रमाणात वाटलं (अख्खा 850 धरून) तर अख्खा साधारण 617 आणि तुकडा 392 पडतो. सॉफ्टवेअरला हे आपोआप जमतं का, हे करार करण्याआधी स्वतःच्या एका दिवसाच्या मालावर करून बघा. आमच्याकडे दर हाताने घालावा लागतो. सात महिन्यांनंतरही हीच सर्वात मोठी तक्रार.

वाळवणीतली घटही अशीच. बी उन्हात वाळली की वजन उतरतं, पण सिस्टीमला आलेलं वजनच माहीत. घटीची वेगळी नोंद, तिची मर्यादा आणि मर्यादेपुढे मंजुरी कोणाची, हे ठरलेलं नसलं की स्टोअरकीपर शनिवारी आकडे ‘जुळवून’ टाकतो. मग खरी गळती कुठली, हे कोणालाच कळत नाही.

डेटा एकदाच चढवू नका. आम्ही डेटा चढवायच्या तालमी तीन केल्या. पहिलीत निम्म्या ओळी नापास, दुसरीत चुका जीएसटी क्रमांकाच्या (15 अक्षरं, गोव्याचे पहिले दोन आकडे 30), तिसरी स्वच्छ. ग्राहकांची येणी एका आकड्यात घेऊ नका, बिलवार घ्या, नाहीतर वसुली कुठल्या बिलाची यावरून वर्षभर वाद. मागच्या तारखेच्या नोंदी त्या महिन्याचे हिशेब बंद झाले की कुलूपबंद करा. एक जुनी पावती घुसली की पुढच्या सगळ्या मालाचा दर हलतो.

प्रशिक्षण हॉलमध्ये एकत्र झालं, ते वाया गेलं. नंतर ज्याच्या-त्याच्या टेबलावर, त्याच्याच कालच्या पावत्या घेऊन बसलो तेव्हा जमलं. ग्रेडिंगच्या बायका कोंकणीत सांगतात आणि सुपरवायझर मराठीत लिहितो, त्यामुळे स्क्रीनवर ‘स्प्लिट’ऐवजी ‘पाकळी’ केल्याबरोबर चुका कमी झाल्या.

करारात शेवटचा हप्ता किमान 20 टक्के ठेवा आणि तो पहिल्या महिन्याचे हिशेब बंद होऊन जीएसटीआर-3बी (जीएसटीचं रिटर्न) भरल्यावरच द्या. आमचा मोफत मदतीचा महिना सुरू झाल्या दिवसापासून मोजला गेला आणि पहिले रिटर्न भरायच्या आधीच संपला.

पावसात वीज जाते. यूपीएस अर्धा तास टिकतो, म्हणून काट्यापाशी छापील क्रमांकांचं पावती पुस्तक ठेवलंय. वीज आल्यावर नोंद करताना वेळ पावतीवरचीच घालायची, नाहीतर ग्रेडिंगची नोंद आवकेच्या आधी पडते आणि साठा उणे दिसतो.