१९५७चं न्यूयॉर्क की १९६४चं लंडन? टीव्हीवरचे स्विंगवाले बघायला कुठून सुरुवात करावी

स्विंगचा, म्हणजे मोठ्या बँडवर नाचायच्या जॅझचा, भर ओसरला आणि मग टीव्ही आला. बेनी गुडमन, काउंट बेसी, ड्यूक एलिंग्टन यांच्या बँडवर अख्खी अमेरिका नाचली ती साधारण १९३५ ते १९४५ या दहा वर्षांत. टीव्हीचे संच तिथे घरोघरी पोचले ते १९५० नंतर. त्यामुळे ऐन उमेदीत हे लोक कसे वाजवत, ते टीव्हीने पाहिलंच नाही. त्याच्या वाट्याला आले ते पन्नाशीच्या आसपासचे, अंगाने सुटलेले, काही आजारी, काही दारूने पोखरलेले वादक. हे आधीच सांगून टाकतो, कारण ‘जुना जॅझ बघायचाय, काय लावू?’ असं विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा नाचणारी जोडपी आणि पांढऱ्या कोटातला बँड असतो. तोच हवा असेल तर १९४०च्या दशकातल्या ‘साउंडीज’ शोधा. नाणं टाकलं की पडद्यावर गाणं दाखवणारी यंत्रं हॉटेलांत, बारमध्ये असत, त्यांच्यासाठी काढलेल्या या तीन-तीन मिनिटांच्या फिल्मा. त्यांत आवाज आधी मुद्रित केलेला असे आणि कॅमेऱ्यासमोर वादक वाजवल्याचा अभिनय करत. बघायला मजा येते, पण वाजवणं दिसत नाही.

वाजवणं बघायचं असेल तर माझ्या मते खरी निवड दोनांतच आहे. एक, सीबीएस वाहिनीने ८ डिसेंबर १९५७ला न्यूयॉर्कहून थेट दाखवलेला ‘द साउंड ऑफ जॅझ’ हा तासाभराचा कार्यक्रम. दुसरी, बीबीसीची १९६४ ते १९६६ या काळातली ‘जॅझ ६२५’ ही मालिका. दोन्ही कृष्णधवल. दोन्हींत माणसं खरोखर वाजवतात. दोन्हींचे तुकडे यूट्यूबवर सापडतात. बाकी सगळं वेगळं.

चित्राचा निकाल आधी लावू, कारण तो सोपा आहे. लंडन जिंकतं, आणि फार मोठ्या फरकाने. १९५७ साली व्हिडिओ टेपचं यंत्र बाजारात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि ते महाग होतं. थेट प्रक्षेपण जपून ठेवायचा रुळलेला मार्ग म्हणजे टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून चालू चित्राचं चित्रण करायचं. याला किनेस्कोप म्हणत. अमेरिकन टीव्ही सेकंदाला ३० चित्रं दाखवायचा आणि फिल्म सेकंदाला २४ चालायची, त्यामुळे या दोघांचा मेळ घालताना हालचाल थोडी पुसट होई. काळे भाग काळेकुट्ट, उजळ भाग फटफटीत. न्यूयॉर्कचा कार्यक्रम आपल्यापर्यंत आलाय तो असा, चित्राचं चित्र होऊन.

लंडनच्या मालिकेचं नावच मुळी चित्राच्या दर्जावरून पडलं. पडद्यावरचं चित्र आडव्या ओळींनी बनतं; ओळी जास्त तितकं चित्र स्वच्छ. ब्रिटिश टीव्ही तोवर ४०५ ओळींचा होता. एप्रिल १९६४मध्ये बीबीसीची दुसरी वाहिनी सुरू झाली ती ६२५ ओळींवर, आणि ती नवलाई मिरवायला जॅझच्या कार्यक्रमालाही तोच आकडा चिकटवला. (मुंबईत १९७२ला दूरदर्शन आलं तेही ६२५ ओळींचंच. तेव्हा आपल्यातल्या अनेकांचं बालपणही त्याच ओळींत गेलंय.) सॅक्सोफोनच्या चाव्यांवरची बोटं, ओठांची पकड, फुगलेल्या गालाखालचा घाम, सगळं स्वच्छ दिसतं. मोठ्या पडद्यावर लावणार असाल आणि घरातल्या बाकीच्यांनाही बसवणार असाल, तर इथेच निर्णय करून टाका.

पण मी स्वतः पुन्हा पुन्हा जातो तो त्या पुसट फिल्मकडे. का, ते सांगायला जरा जागा लागेल.

‘द साउंड ऑफ जॅझ’चे वादक निवडले ते नॅट हेन्टॉफ आणि व्हिटनी बॅलिएट या दोन जॅझ समीक्षकांनी. निर्माता रॉबर्ट हेरिज याने त्यांना मोकळीक दिली होती. वाहिनीला कोण खपेल, याचा विचार न करता त्यांनी आपल्याला कोण ऐकायचंय ते ठरवलं. स्टुडिओ उघडाबोडका ठेवला. पडदे नाहीत, कमानी नाहीत. वादक टोप्या घालून बसलेत, सिगरेटी ओढतायत, आपली पाळी नसताना इकडेतिकडे उभे राहून दुसऱ्याचं ऐकतायत. गायिका बिली हॉलिडेने या कार्यक्रमासाठी म्हणे मुद्दाम महागडा झगा घेतला होता. तो घालायचा नाही म्हटल्यावर ती चिडली. शेवटी ती दिसते ती साध्या कपड्यांत, केस मागे बांधून, उंच स्टुलावर. आणि तिच्याभोवती अर्धवर्तुळात वादक.

तिने म्हटलेलं ‘फाइन अँड मेलो’ हे बारा मात्रांचं नव्हे, बारा बारचं (बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट) संथ ब्लूज. एक कडवं तिचं, मग कुणाचं तरी एक आवर्तन, पुन्हा ती. एक आवर्तन मिनिटभराचंही भरत नाही. त्या अर्धवर्तुळात टेनर सॅक्सोफोनची तीन घराणी एकत्र उभी आहेत. कोलमन हॉकिन्सचा सूर जाड, भारदस्त, कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा, पाया खणत जाणारा. बेन वेब्स्टरचा श्वासाने भरलेला. लेस्टर यंगचा हलका, थोडा मागे रेंगाळणारा, जणू ठेक्याशी त्याला घाईच नाही. आपल्याकडे असे तिघे एका मंचावर आले असते तर आधी मानापमान झाले असते, मग गाणं.

पहिला वेब्स्टर वाजवतो. त्याच्यानंतर यंग. त्या दिवशी त्याची तब्येत इतकी ढासळलेली होती की बेसीच्या बँडबरोबर त्याने वाजवायचा भागही वेब्स्टरला दिला होता. तो उठून उभा राहतो आणि मोजकेच सूर लावतो. एखादा सूर लावून थांबतो, पुढचा लावावा की नाही असा विचार केल्यासारखा. आणि कॅमेरा बिलीच्या चेहऱ्यावर जातो. १९३७पासून या दोघांनी एकत्र कितीतरी रेकॉर्डी केल्या होत्या. तिला ‘लेडी डे’ म्हणणारा हाच, त्याला ‘प्रेझ’ म्हणणारी हीच. मधल्या वर्षांत दोघं दुरावले होते. तिच्या चेहऱ्यावर काय येतं ते मी लिहून सांगू शकणार नाही. मान हलते, ओठ किंचित उघडतात, हसूही येतं. हेन्टॉफने नंतर सांगितलं की त्या वेळी कंट्रोल रूममध्ये सगळ्यांचे डोळे भरून आले होते. १५ मार्च १९५९ला यंग गेला, १७ जुलैला ती.

हे पुढचं माहीत असल्यामुळे आपल्याला जास्त वाटतं का? वाटत असेल. पण ते माहीत नसलेल्या माणसाला दाखवून पाहा. माझा अनुभव असा की बिलीच्या चेहऱ्यापाशी तोही गप्प होतो.

या तासाचा मोठा गुण हाच. कॅमेरा वाजवणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्याला दाखवतो. थेलोनियस मंक पियानो वाजवतोय आणि समोर पियानोला टेकून काउंट बेसी त्याच्याकडे बघत बसलाय. मंकला ते आवडलं नव्हतं, असं म्हणतात. बेसी जुन्या पिढीचा, कमीत कमी सुरांत बँड पेलणारा. मंक त्याच्याही पुढे जाऊन सूर गाळणारा. बेसीच्या चेहऱ्यावरचं कौतुक बघून मंकचं वाजवणं उलगडतं. ही सोय नुसत्या रेकॉर्डीत नाही. कार्यक्रमात सगळंच स्विंग नाही. जिमी जुफ्रीची मंडळी तर वेगळ्याच वाटेची. पण पी वी रसेल आणि जुफ्री या दोघांची क्लॅरिनेटवरची ब्लूजची जुगलबंदी सोडू नका.

आता लंडन. इथे सगळं कसं इस्त्रीचं. स्टीव्ह रेस सूत्रसंचालन करतो, नंतरच्या काळात हम्फ्री लिटलटन. दोघंही स्वतः संगीतकार, त्यामुळे बडबड कमी आणि मुद्द्याची. समोर श्रोते शिस्तीत बसलेले, टाळ्या जागच्या जागी. नवख्या माणसाला याचा फायदा होतो. कोण वाजवतंय, कोणतं वाजवतंय, हे कळत जातं. न्यूयॉर्कच्या कार्यक्रमात तुम्हाला बरंच स्वतः ओळखावं लागतं.

खरी तुलना करायची तर एकाच माणसाला दोन्हीकडे बघावं. तो माणूस बेन वेब्स्टर. १९५७ला त्याच्या वाट्याला गर्दीत एक आवर्तन. १९६४च्या अखेरीस तो लंडनला आला. पुढे अमेरिकेत परत राहायला गेलाच नाही, १९७३ला अॅमस्टरडॅममध्ये वारला. ‘जॅझ ६२५’मध्ये अख्खा कार्यक्रम त्याचा. साथीला ब्रिटनमधली मंडळी, पियानोवर स्टॅन ट्रेसी, बासवर रिक लेअर्ड. हा लेअर्ड पुढे गिटारवादक जॉन मॅकलॉफलिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रा या बँडमध्ये गेला, हे कळल्यावर मी तो भाग केवळ बासकडे बघत पुन्हा पाहिला. संथ चालीत वेब्स्टरची एक खासियत आहे. सूर संपत येतो, आवाज विरतो आणि शेवटी सॅक्सोफोनमधून नुसती हवा ऐकू येते. १९५७च्या फिल्मवर ते ऐकावं लागतं. १९६४ला दिसतं. ओठ सैल होतात, छाती खाली जाते, आणि सूर कुठे संपला हे सांगता येत नाही. वाद्य शिकणाऱ्याने, मग ते बासरी असो की क्लॅरिनेट, हेच आधी बघावं. पण त्याच्याभोवती त्याच्या बरोबरीचे कुणी नाहीत. ट्रेसी उत्तम आहे, पण हॉकिन्स कोपऱ्यात उभा राहून ऐकतोय आणि त्यामुळे वेब्स्टर एक सूर जास्त राखून वाजवतोय, अशी गंमत इथे नाही.

‘जॅझ ६२५’मधला दुसरा ठेवा म्हणजे ड्यूक एलिंग्टनचा बँड. १९६३च्या शरद ऋतूत एलिंग्टन अमेरिकी सरकारच्या दौऱ्यावर भारतात आला होता, मुंबईतही वाजवून गेला. त्यानंतर काही महिन्यांतच तो बीबीसीच्या कॅमेऱ्यासमोर होता. म्हणजे मुंबईकरांनी जो बँड ऐकला तो कसा दिसत होता, हे बघायचं तर हाच पुरावा. १९२७पासून एलिंग्टनबरोबर असलेला हॅरी कार्नी बॅरिटोन सॅक्सोफोनवर आहे. जॉनी हॉजेस उभा राहतो, चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, एखाद्या कारकुनाने फाइल पुढे सरकवावी तसा तो वाजवतो, आणि सूर मात्र मधात घोळलेला. हा विरोधाभास रेकॉर्ड ऐकणाऱ्याला कधीच कळणार नाही.

तर कुणी काय लावावं? तुमचा कान सी. रामचंद्रांच्या धडाकेबाज गाण्यांवर वाढला असेल, तर बिग बँड तुम्हाला परका नाही. त्या गाण्यांमागे आल्दोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आणि त्याच्यासारखे गोव्याचे वादक होते. हॉटेलांत रात्रभर स्विंग वाजवून ते सकाळी स्टुडिओत येत. तुम्ही एलिंग्टनपासून सुरू करा. ट्रम्पेटांची फळी एकदम उठली की ओळख पटेल. ख्याल, ठुमरी, भावगीत ऐकणाऱ्याने मात्र थेट १९५७ला जावं. एका सुराची वाट बघायची सवय त्याला आहे.

बाकीचे कार्यक्रम नंतर. ‘टायमेक्स’ घड्याळवाल्यांनी १९५७ ते १९५९मध्ये चार जंगी कार्यक्रम केले. मोठमोठी नावं आणि प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं, लग्नाच्या पंगतीसारखी घाई. पण जानेवारी १९५९च्या कार्यक्रमात लुई आर्मस्ट्राँग आणि डिझी गिलेस्पी एकत्र गातात-वाजवतात, तेवढं जरूर बघा. नव्या बीबॉपवर, म्हणजे स्विंगनंतरच्या वेगवान, गुंतागुंतीच्या जॅझवर, तोंडसुख घेणारा लुई आणि त्याची नक्कल करणारा डिझी. दोघंही न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या करोना भागात राहणारे, त्यामुळे एकमेकांना चिमटे काढणं अगदी शेजारधर्माचं. १९५८मधला न्यूअर्कचा ‘आर्ट फोर्ड्‌स जॅझ पार्टी’ खराब चित्रासह सहन करायचा, तर तुम्हाला आधी या नादाने धरलेलं असावं लागतं.

शोधताना एक घोळ टाळा. ‘द साउंड ऑफ जॅझ’ याच नावाची कोलंबिया कंपनीची रेकॉर्ड आहे. ती प्रक्षेपणाच्या काही दिवस आधी स्टुडिओत मुद्रित केलेली, वादकही सगळे तेच नाहीत. नुसतं मुखपृष्ठ दिसत असेल तर ते बंद करा. ज्यात धूर आणि स्टूल दिसतं, ते हवं.

आणि हे दोन्ही बघून झाल्यावर, वेगळ्या दिवशी, बिलीचं फेब्रुवारी १९५९मध्ये लंडनला ग्रॅनाडा टीव्हीसाठी चित्रित झालेलं ‘स्ट्रेंज फ्रूट’ लावा. पियानोवर मॉल वॉल्ड्रन आहे, १९५७ला होता तोच. अर्धवर्तुळ नाही. वेब्स्टर, हॉकिन्स, तेव्हाचा ट्रम्पेटवाला रॉय एल्ड्रिज कुणी नाहीत, यंगचे शेवटचे काही आठवडे उरलेत. कॅमेऱ्याला दुसरीकडे जायला जागाच नाही, तो शेवटपर्यंत तिच्याच चेहऱ्यावर राहतो.