एक रविवार, मित्राची जुनी गाडी: वेळ रंगाला द्यावा की आतल्या बाजूला?

बारा-पंधरा वर्षांची हॅचबॅक, कित्येक महिने नीट धुतलेली नाही, आणि हाताशी सकाळी सहा ते दुपारी दोन. आठ तासांत एकट्याने रंग आणि आतली बाजू दोन्ही पूर्ण होत नाहीत. आधी ठरवलं नाही तर दुपारी अर्धं बॉनेट चकचकीत, सीट ओल्या आणि काच धुरकट, अशी गाडी परत जाते.

धुणं: सेंटरवर की अंगणात?

मडगार्डच्या आत घट्ट बसलेली काळी माती घरच्या पाइपने सुटत नाही. ती ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून गंजवते. म्हणून खालची बाजू वॉशिंग सेंटरच्या प्रेशरनेच धुवून घ्या. दोन गोष्टींना मात्र स्पष्ट नाही म्हणा: खालून डिझेल मारणं, कारण त्याने रबरी बुश (चाकांच्या जोडांमधल्या रबरी गाद्या) फुगतात, आणि इंजिनवर थेट प्रेशर, कारण जुन्या वायरिंगच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरतं.

वरचा रंग घरीच धुवा. सेंटरवर अनेकदा एकच कपडा सगळ्या गाड्यांवर फिरतो, त्यातल्या कचकचीने ओरखडे पडतात. दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची, एक कपडा खळबळायची. बोअरचं पाणी जड असेल तर ते पत्र्यावर वाळू देऊ नका, पांढरे डाग बसतात. बरेच जण आरओचं वाया जाणारं पाणी गाडीसाठी साठवतात. त्यात क्षार आणखी जास्त असतात. शेवटचा हात मारायला आरओचं शुद्ध पाणी आठ-दहा लिटर पुरतं.

रंग: हाताने की मशीनने?

हाताने रबिंग कंपाउंड घासून पूर्ण गाडी करायला दिवस जातो, खांदे भरून येतात, आणि उन्हात पाहिलं की गोल ओरखडे तसेच. ड्युअल अॅक्शन मशीन (पॅड गोल फिरवतानाच डोलवणारं पॉलिशचं यंत्र) भाड्याने किंवा उसनं मिळालं तर एकाच टप्प्याच्या पॉलिशने तीन-साडेतीन तासांत हॅचबॅक होते. त्याआधी शाम्पूच्या पाण्यावर क्ले (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ पुट्टी) फिरवायला पाऊण तास धरा. क्ले खाली पडली तर तो तुकडा टाकून द्या, चिकटलेली खडी रंगावर रेघा ओढते. पॉलिश करताना दोन फूट बाय दोन फुटांचा भाग, पॅडवर वाटाण्याएवढे चार ठिपके, वेग मध्यम, उभे-आडवे मिळून चार हात. कडांवर थांबू नका, तिथे रंग सर्वांत पातळ असतो. ग्राइंडरला पॅड लावून पॉलिश करू नका. एका जागी उष्णता साचून रंग जळतो, आणि गाडी दुसऱ्याची आहे.

सुरुवात दारामागच्या लहान जागेवर करा. पॅडवर गाडीचाच रंग उतरला तर वर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नाही, तिथे हात हलका. छतावर, बॉनेटवर पांढरे पोपडे सुटले असतील तर कोणतंही पॉलिश उपयोगाचं नाही, तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो. तो सोडून पुढे जा.

जळगाव-भुसावळकडच्या एप्रिल-मेमध्ये पत्रा सकाळी दहालाच तापतो आणि पॉलिश वाळून चिकटतं. म्हणजे मशीनचं काम सावलीत किंवा दहाच्या आत. त्यानंतर पॉलिमर सीलंटची, म्हणजे रंग जपणाऱ्या वरच्या थराची, वीस मिनिटं. इथल्या उन्हात तो मेणापेक्षा जास्त टिकतो.

आतली बाजू

इथे दिलेला प्रत्येक तास मित्राला रोज जाणवतो, आणि बिघडण्याची भीती सर्वांत कमी. तीन तास धरा. मॅट बाहेर, सीट पूर्ण मागे, मग कोरड्या ब्रशने धूळ सुटी करत व्हॅक्यूम. क्लीनर एकाला दहा पाणी, फवारा सीटवर नाही तर कपड्यावर. फोम भिजला की वास राहतो. उन्हाळ्यात दारं उघडी ठेवली तर सीट दोन-तीन तासांत वाळते. श्रावणात ओलं काम टाळलेलंच बरं. रावेर-यावलकडच्या गाडीत केळीच्या चिकाचे काळपट डाग असतील तर ते जुने झाल्यावर पूर्ण निघत नाहीत. फिके करा आणि थांबा. गालिचा उचलून खाली हात लावा. ओल लागली तर पुढच्या काचेखालची जाळी आणि दारांच्या तळाची छिद्रं तपासा, निंबाच्या पाल्याने ती बुजतात. एसीचा केबिन फिल्टर बहुधा ग्लोव्ह बॉक्समागे असतो. काही जुन्या मॉडेलांत नसतोच. डॅशबोर्डवर तेलकट चकाकी नको, ती काचेत दिसते आणि धूळ धरते.

मग निवड काय?

गाडी मित्र स्वतःच वापरणार असेल तर आतली बाजू, काचा आणि हेडलाइट. पिवळ्या हेडलाइटला भोवती टेप लावून १०००, २०००, ३००० नंबरचा पाणकागद, मग पॉलिश आणि यूव्ही कोट (उन्हापासून जपणारा थर): दोन्ही हेडलाइटना मिळून पाऊण तास. कोट लावला नाही तर काही महिन्यांत पुन्हा पिवळ्या.

विकायची असेल तर मशीन, पण जोडीला दुसरा माणूस हवा. एक जण पहाटे रंगाला लागेल, दुसरा आत. दुसरा मिळाला नाही तर पॉलिश फक्त बॉनेट आणि चार दारांवर करा आणि छत सोडा. गिऱ्हाइकाची नजर तिथे सगळ्यांत शेवटी जाते.