थायलंड आणि कंबोडिया : व्हिएतनाम युद्धाच्या शेजारचे दोन मार्ग

व्हिएतनाम युद्धाच्या काळात थायलंडने अमेरिकेची बाजू उघडपणे धरली, तर कंबोडियाचे राष्ट्रप्रमुख नरोदोम सिहानुक यांनी तटस्थतेची कास धरली. थायलंडने उदोन, कोरात आणि उतापाओ येथील हवाई तळ अमेरिकेला वापरू दिले, दक्षिण व्हिएतनाममध्ये स्वतःचे सैन्यही पाठवले आणि त्या बदल्यात भरघोस मदत पदरात पाडून घेतली.

कंबोडियाची कहाणी मात्र अधिक जीवघेणी आहे. सिहानुक यांनी १९६५ मध्ये अमेरिकेशी संबंध तोडले आणि उत्तर व्हिएतनामच्या सैन्याने पूर्व सीमेवर तळ ठोकले, तेव्हा त्याकडे काणाडोळा केला. सिहानुकविल बंदरातून त्या सैन्यासाठी चिनी शस्त्रेही जात होती. १८ मार्च १९६९ रोजी अमेरिकेच्या बी-५२ विमानांनी या तळांवर गुप्तपणे बॉम्बफेक सुरू केली आणि बरोबर वर्षभराने, १८ मार्च १९७० रोजी, सिहानुक पदच्युत झाले.

सिहानुक यांना भाबडे ठरवणे मला अन्यायाचे वाटते. थायलंडची सीमा व्हिएतनामला भिडत नव्हती. कंबोडियाची मात्र दक्षिण व्हिएतनामला लांबवर लागून होती, आणि छोट्या देशाची तटस्थता दोन्ही बाजूंना सोयीची असेपर्यंतच टिकते. थायलंडला बाजू बदलायलाही सवड मिळाली : जुलै १९७५ मध्ये त्याने चीनशी राजनैतिक संबंध जोडले. त्याआधीच, १७ एप्रिल रोजी, कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांच्या हाती पडली होती आणि शहरातील लोकांना, अगदी रुग्णालयांतील रुग्णांनाही, रस्त्यावर हाकलले गेले होते.