मालवणी शब्दसंग्रहासाठी नोटपॅड प्लस प्लस : चार पावसाळ्यांचा अनुभव

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात मी गेली चार वर्षे मालवणी शब्द टिपून ठेवत आहे. मांगर, व्हाळ, आवाठ, सुंगट असा एकेक शब्द, त्याचा अर्थ आणि तो कोणत्या वाडीत ऐकला याची नोंद, असे एका ओळीत एक या पद्धतीने सारे काही साध्या मजकूर फाइलमध्ये आहे, कारण अशी फाइल कोणत्याही संगणकावर आणि फोनवर उघडते आणि उद्या कोणते सॉफ्टवेअर बंद पडले तरी ती वाचता येते. हे सगळे काम मी नोटपॅड प्लस प्लस या मजकूर-संपादकात, म्हणजे साधा मजकूर लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, करतो. डॉन हो यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला हा संपादक विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे, विंडोजवर चालतो आणि माझ्या जुन्या, कमी मेमरीच्या संगणकावरही झटकन उघडतो. मराठीत लिहिणाऱ्या माणसाला मी तो मनापासून सुचवीन, मात्र स्थापित केल्यावर आहे तसाच वापरू नये, असेही तितक्याच आग्रहाने सांगेन.

पहिली अडचण डोळ्यांना लगेच जाणवते. मूळ फॉन्ट रोमन लिपीसाठी निवडलेला असल्यामुळे देवनागरी अक्षरे दुसऱ्याच फॉन्टमधून उसनी आणली जातात, पण ओळीची उंची मात्र मूळ फॉन्टच्या मापाची राहते. परिणामी वरचे रफार आणि खालचे उकार कापल्यासारखे दिसतात. सेटिंग्ज मेनूतील स्टाइल कॉन्फिगरेटरमध्ये जाऊन ‘डिफॉल्ट स्टाइल’साठी निर्मला यूआय हा विंडोजबरोबर येणारा फॉन्ट निवडला की हा दोष जातो. कंट्रोल दाबून माउसचे चाक फिरवल्यास अक्षर मोठे होते, ही सोय माझ्या वयाच्या लोकांना फार उपयोगी आहे. मेनूसाठी मराठी भाषाही निवडता येते. मी इंग्रजी ठेवली, कारण मदत शोधताना इंग्रजी नावेच हाती लागतात.

एन्कोडिंगविषयी, म्हणजे अक्षरे फाइलमध्ये आकड्यांच्या रूपात साठवण्याच्या पद्धतीविषयी, मात्र नीट समजून घ्यायला हवे, कारण तिथे चूक झाली तर केलेले काम कायमचे जाते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्ह ३ बाइटमध्ये साठवले जाते. अशी फाइल संपादकाने चुकून आन्सी, म्हणजे देवनागरीला जागा नसलेल्या जुन्या पद्धतीतली, समजून उघडली, तर पडद्यावर डोक्यावर रेघा असलेल्या परक्या रोमन अक्षरांची रांग दिसते. अशा वेळी घाबरून जाऊ नये आणि फाइल सेव्हही करू नये. एन्कोडिंग मेनूतील वरच्या गटातून यूटीएफ-८ निवडले की तोच मजकूर पुन्हा मराठीत दिसतो, कारण हा गट फक्त वाचण्याची पद्धत बदलतो. ‘कन्व्हर्ट टू’ने सुरू होणारे खालचे पर्याय मात्र फाइलमधील बाइटच बदलतात. माझ्या एका फाइलची प्रत छपाईच्या दुकानातील संगणकावर आन्सीमध्ये सेव्ह झाली आणि परत आली तेव्हा प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह होते. ते कोणत्याही उपायाने परत आणता येत नाही. खिडकीच्या तळाशी उजवीकडे एन्कोडिंगचे नाव दिसते, तिकडे एक नजर टाकण्याची सवय मी तेव्हापासून लावून घेतली आहे.

आता या संपादकाने मला सर्वांत मोठी मदत कुठे केली ते सांगतो. माझ्या संग्रहात ‘किनाऱ्यावर’ हा शब्द शोधला असता काही नोंदी सापडत आणि काही सापडत नसत, जरी त्या डोळ्यांसमोर दिसत होत्या. कारण असे निघाले की ‘ऱ्या’मधला आडवा र दोन प्रकारे लिहिला जातो. इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींसाठीच्या प्रमाण कळफलकावर शिफ्ट आणि जे दाबल्यावर येणारा, खाली टिंब असलेला ऱ हा एक प्रकार. साधा र, हलंत आणि त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह हा दुसरा. काही फोनेटिक साधने, म्हणजे उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरांतून मराठी लिहू देणारी साधने, दुसरा प्रकार वापरतात, आणि मी सुरुवातीची दोन वर्षे अशाच एका साधनाने टंकलेखन केले होते. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाला वेगळे. उपाय अगदी सोपा निघाला. न सापडणाऱ्या नोंदीतला तो तुकडाच कॉपी करून शोधाच्या चौकटीत चिकटवला, शेवटचा काना बॅकस्पेसने काढला, बदलीच्या चौकटीत इनस्क्रिप्टने ‘ऱ्य’ लिहिले आणि सर्व उघड्या फाइलींमध्ये एकदम बदल केला. हा र मराठीत य आणि ह यांच्याआधीच येत असल्यामुळे ‘ऱ्ह’साठी तीच कृती पुन्हा केली आणि काम पूर्ण झाले. हे करताना पूर्ण शब्द जुळवण्याच्या पर्यायावरची खूण काढलेली असावी.

पावसाळ्यात आमच्याकडे वीज दिवसातून अनेकदा जाते आणि माझ्याकडे यूपीएस नाही. हा संपादक सेव्ह न केलेला मजकूरही दर ७ सेकंदांनी स्वतःहून जपून ठेवतो, त्यामुळे वीज परत आल्यावर बहुतेक वेळा मी होतो तिथूनच पुढे लिहू शकलो. परंतु गेल्या जुलैमध्ये नेमकी सेव्ह करतानाच वीज गेली आणि फाइल उघडली तेव्हा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ‘नल’ (म्हणजे रिकामा बाइट) लिहिलेले काळे ठोकळे होते. फाइलच्या आकाराची नोंद डिस्कवर झाली होती, आतला मजकूर पोहोचला नव्हता. आठ दिवसांच्या नोंदी त्यात गेल्या. प्रेफरन्सेसमधील बॅकअप विभागात ‘व्हर्बोस बॅकअप’ निवडले असते तर प्रत्येक सेव्हच्या वेळी आधीची प्रत तारीख-वेळेसह वेगळी राहिली असती. हा पर्याय मुळात बंद असतो आणि माझ्या मते ही या संपादकाची सर्वांत मोठी उणीव आहे. ज्यांच्याकडे वीज भरवशाची नाही त्यांनी पहिल्याच दिवशी तो चालू करावा आणि प्रतींसाठी वेगळा फोल्डर नेमून द्यावा.

एक दोष अजून सुटलेला नाही. ओळी क्रमाने लावण्याची नेहमीची आज्ञा युनिकोडमधील, म्हणजे सर्व लिपींतील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीतील, क्रमांक पाहते, आणि तिथे ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, तर आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर आहे. त्यामुळे ‘माळो’ हा शब्द ‘मासो’च्या आधी जाऊन बसतो. सध्या क्रम लावून झाल्यावर ळ असलेल्या नोंदी मी हातानेच योग्य जागी हलवतो, आणि सुमारे २,००० शब्दांच्या संग्रहात या कामाला एक पूर्ण संध्याकाळ लागते.