डुलणारे स्टिअरिंग आणि ५५ डॉलरचा हत्यारसंच

माझ्याकडे १९८४ ची शेव्हरोले सी-१० आहे. या चौकोनी बांध्याचे पिकअप १९७३ पासून १९८७ पर्यंत निघत होते आणि अमेरिकेतले हौशी लोक त्यांना आजही ‘स्क्वेअर बॉडी’ म्हणतात. माझ्या गाडीचे स्टिअरिंग टिल्ट प्रकारचे, म्हणजे चालकाच्या सोयीने वरखाली करता येणारे आहे. परंतु गेल्या वर्षभरात ते आपल्या सोयीने वरखाली होऊ लागले होते. गाडीत चढताना व्हीलला हात लावला की कॉलमचा, म्हणजे व्हीलला आधार देणाऱ्या नळीचा, वरचा सगळा भाग बोटभर उचलला जाई आणि खडबडीत रस्त्यावर खटखट असा आवाज येई. डेट्रॉइट परिसरातल्या एका गॅरेजने संपूर्ण कॉलम बदलण्याचा सल्ला दिला व जो खर्च सांगितला, त्यात या गाडीचा बराचसा रंग करून झाला असता. तेव्हा कॉलम स्वतःच उघडायचा असे ठरवून मी त्या कामाचा एक हत्यारसंच ऑनलाइन मागवला. हे परीक्षण त्या संचाचे आहे. मी पोटापाण्यासाठी संगणकावर काम करतो आणि याआधीची माझी मजल ऑइल व ब्रेक पॅड बदलण्यापलीकडे गेली नव्हती, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

आधी दुखणे काय होते ते सांगणे आवश्यक आहे, कारण संचातली कोणती वस्तू उपयोगाची आणि कोणती नाही, हे त्यावरच ठरते. जनरल मोटर्सच्या या टिल्ट कॉलममध्ये वरचा हलणारा भाग ज्या आधारावर बसतो, तो आधार खालच्या नळीला चार बोल्टांनी आवळलेला असतो. वर्षानुवर्षे लोक गाडीत चढताना-उतरताना व्हीलला धरून शरीराचा भार टाकतात, त्यामुळे हे बोल्ट हळूहळू सैल होतात आणि स्टिअरिंग डुलू लागते. दोष एवढाच असतो. भाग झिजलेला असतोच असे नाही. मात्र त्या चार बोल्टांपर्यंत पोहोचण्यासाठी व्हील, लॉक प्लेट, इंडिकेटरचा स्विच, चावीचे कुलूप, टिल्टची स्प्रिंग आणि वरचा भाग ज्यांवर झुलतो त्या दोन पिव्होट पिना एवढा सगळा संसार बाहेर काढावा लागतो. हे कॉलम जनरल मोटर्सच्या मिशिगनमधल्या सॅगिनॉ येथील स्टिअरिंग विभागाचे, जो २००९ पासून नेक्स्टीअर या नावाने ओळखला जातो. माझ्या घरापासून सॅगिनॉ दोन तासांवर आहे, पण त्याचा मला या कामात काही उपयोग झाला नाही.

संचाच्या प्लॅस्टिकच्या पेटीत स्टिअरिंग व्हील ओढून काढायचा पुलर, लॉक प्लेट दाबून धरायचे हत्यार, पिव्होट पिन ओढायचे हत्यार, चार-पाच गोट्या (बोल्टाच्या डोक्यावर बसणारे सॉकेट) आणि सूचनांचा एक घडी घातलेला कागद होता. कागदावरची चित्रे झेरॉक्सच्या झेरॉक्ससारखी होती आणि मजकुरात कोणती पायरी कोणत्या गाडीला लागू आहे याचा उल्लेखच नव्हता. त्याच्या भरवशावर कुणीही कॉलम उघडू नये. माझे काम निभावले ते त्या वर्षाच्या कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलच्या पुनर्मुद्रित प्रतीमुळे.

व्हील काढण्याआधी बॅटरीची ऋण वायर सोडवावी, समोरची चाके सरळ ठेवावीत आणि व्हील व ते ज्यावर बसते तो दांडा, म्हणजे शाफ्ट, यांवर एकमेकांसमोर खूण करावी. संचातला पुलर हलक्या प्रतीचा होता. व्हीलच्या हबमध्ये दोन बाजूंना आट्याची दोन भोके असतात, त्यांत पुलरचे बोल्ट बसतात; परंतु माझ्या संचातल्या एका बोल्टाचे आटे पहिल्याच जोराला चपटे झाले. शेवटी मी जवळच्या सुट्या भागांच्या दुकानातून पुलर उसना आणला. अमेरिकेतली अनेक मोठी दुकाने अनामत रक्कम घेऊन अशी हत्यारे देतात आणि हत्यार परत केल्यावर ती रक्कम पूर्ण परत करतात, त्यामुळे पुलरसाठी पैसे घालवणे अनावश्यक आहे. पुलर बसत नाही म्हणून शाफ्टच्या टोकावर हातोडी मारण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. अपघातात कॉलमने आत दबावे, चालकाच्या छातीत घुसू नये, यासाठी त्याच्या आत प्लॅस्टिकचे जोड असतात आणि हातोडीच्या घावाने तेच तुटतात. मग कॉलम बाहेरून धडधाकट दिसला तरी आतून निकामी होतो.

लॉक प्लेटचे हत्यार या संचातली पहिली खरी कामाची वस्तू आहे. लॉक प्लेट म्हणजे व्हीलच्या खाली असलेली, खाचांची एक जाड चकती, तिच्याखाली स्प्रिंग असते आणि चकतीला वर येऊ न देण्यासाठी शाफ्टवरच्या खोबणीत तारेची एक रिंग बसवलेली असते. चकती दाबून धरल्याशिवाय ती रिंग निघत नाही आणि ती दोन अंगठ्यांनी दाबली जाईल अशा भ्रमात कुणी राहू नये. हे हत्यार शाफ्टच्या टोकावर आट्यांनी बसते, नट फिरवला की त्याचे दोन पाय चकतीला खाली ढकलतात आणि रिंग मोकळी होते. माझ्या संचातल्या हत्याराला एका टोकाला इंची आणि दुसऱ्या टोकाला मेट्रिक आटे होते, पण कोणते टोक कोणते हे ना हत्यारावर कोरलेले होते ना कागदावर छापलेले. मी चुकीचे टोक बसवू लागलो तेव्हा ते अर्ध्या फेऱ्यातच अडले आणि मला पान्याची आठवण झाली. सुदैवाने हात आवरला. बरोबर टोक बोटांनीच चार-पाच फेरे अगदी सहज फिरते. ते तसे फिरत नसेल, तर जोर न लावता टोक बदलून पाहावे, कारण शाफ्टचे आटे गेले तर व्हीलचा नट बसणार कशावर?

यानंतरच्या पायऱ्यांत संचाची फारशी मदत होत नाही. इंडिकेटरचा स्विच तीन स्क्रूंवर असतो. डॅशखालचे त्याचे कनेक्टर सोडवून वायरीला थोडी ढील दिली की तो बाजूला लटकवून ठेवता येतो. १९७९ पासूनच्या कॉलममध्ये चावीचे कुलूप एका स्क्रूने धरलेले असते, त्यामुळे माझे कुलूप विनातक्रार निघाले. मात्र त्याआधी चावी गाडीतच राहिल्याची सूचना देणाऱ्या बझरचा छोटा स्विच व त्याची पत्र्याची क्लिप काढावी लागते आणि ती क्लिप कॉलमच्या पोटात पडण्यासाठीच जन्माला आलेली असते. माझीही पडली. ताणता येणाऱ्या दांड्याच्या लोहचुंबकाने ती पंधरा मिनिटांनी वर आली. असा लोहचुंबक या संचात असायला हवा होता, तो नाही.

टिल्टच्या स्प्रिंगविषयी सूचनांच्या कागदावर एकच ओळ होती आणि ती धोकादायकरीत्या अपुरी होती. ही स्प्रिंग चांगली जाडजूड असते आणि एका वाटीसारख्या टोपणाखाली दाबून बसवलेली असते. मॅन्युअल सांगते की स्टिअरिंग आधी सर्वांत वरच्या स्थितीत न्यावे, म्हणजे स्प्रिंगवरचा ताण कमी होतो. मग मोठा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर टोपणात रोवून ते आत दाबावे आणि किंचित डावीकडे फिरवून सावकाश सोडावे. मी जाड चिंधी भोवती धरली होती, तरीही टोपणाने सुटताना मनगटाला चांगलाच झटका दिला. डोळ्यांवर चष्मा नसता तर मी हे काम त्याच क्षणी थांबवले असते, आणि वाचकानेही तसेच करावे.

पिव्होट पिन ओढायच्या हत्याराने मात्र संचाची किंमत वसूल केली. वरचा भाग ज्या दोन पिनांवर झुलतो, त्या बाहेरून जेमतेम दिसतात, पकडीत धरायला जागा नसते आणि चाळीस वर्षांत त्या आपल्या भोकात अशा रुतून बसतात की जणू ओतकामातच घडल्या असाव्यात. पिनेच्या पोटात बारीक आटे असतात. हत्याराचा स्क्रू त्यात फिरवायचा, वर नळकांडे ठेवायचे आणि नट आवळत न्यायचा. पिन न वाकता, न तुटता सरळ बाहेर येते. डावी पिन आली तेव्हा टक् असा स्वच्छ आवाज झाला आणि त्या आवाजाने मला आठवडाभराच्या कामापेक्षा अधिक समाधान दिले. काही लोक साधा स्क्रू, वायसर आणि गोटी यांच्यावर हेच जुळवतात, आणि ज्याला योग्य आट्यांचा स्क्रू घरात सापडेल त्याने तसे करायला हरकत नाही.

वरचा भाग उचलल्यावर ते चार बोल्ट समोर आले. दोन बोल्ट मी बोटांनी फिरवले, तिसरा जेमतेम धरून होता आणि चौथा सुटून काकवीसारख्या घट्ट झालेल्या जुन्या ग्रीसमध्ये आडवा पडला होता. त्यांचे डोके नेहमीच्या षटकोनी आकाराचे नसते. ते बाहेरून ताऱ्याच्या आकाराचे असते आणि त्याला ई-८ मापाची गोटी लागते. पेटीवर ‘संपूर्ण संच’ असे छापलेले असताना नेमकी हीच गोटी त्यात नव्हती. ज्या कामासाठी बहुतेक लोक हा संच घेतात, त्याच कामाची शेवटची चावी वगळण्यामागे काय विचार असेल, हे मला अद्याप समजलेले नाही. मी गोटी वेगळी आणली, बोल्ट व भोके स्वच्छ पुसली, निळ्या रंगाचे, म्हणजे पुढे पान्याने उघडता येईल अशा जातीचे थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारे द्रव्य) लावले आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर, म्हणजे आवळण्याच्या ठरावीक जोरावर, बोल्ट आवळले. लाल रंगाचे वापरू नये.

काम उघडण्यापूर्वी मी सांगलीला वडिलांना व्हिडिओ कॉल केला होता. त्यांनी अनेक वर्षे मेटाडोर चालवली आणि वेळप्रसंगी दुरुस्तही केली. ते म्हणाले, “अरे, आधी फोटो काढ, मग खोल. खोलायला अक्कल लागत नाही.” मी फोटो काढले, पण एका ठिकाणी काढायचा राहिला आणि तिथेच चूक झाली. चावीची हालचाल एका दातेरी पट्टीमार्फत खालच्या दांड्याकडे आणि तिथून कॉलमवर बऱ्याच खाली असलेल्या इग्निशन स्विचकडे जाते. वरचा भाग परत बसवताना ही पट्टी त्या दांड्यात अडकवावी लागते. मी ती अडकवलीच नाही. सगळे जोडून झाल्यावर चावी हलकेच फिरली आणि गाडीला त्याचा पत्ताही लागला नाही. मग व्हील, लॉक प्लेट, स्प्रिंग, पिना हे सारे पुन्हा उतरवले. मी कॉल करून सांगितले तेव्हा बाबा नुसतेच हसले. दुसऱ्या खेपेला मात्र तेच काम अडीच तासांत झाले, त्यामुळे पिनेच्या व लॉक प्लेटच्या हत्यारांची परीक्षा दोनदा झाली आणि दोन्ही वेळा ती उतरली, असे म्हणता येते.

तारेची जुनी रिंग परत न वापरता मी नवीन घातली. गाडी रस्त्यावर नेण्यापूर्वी समोरची बाजू जॅक स्टँडवर घेऊन व्हील दोन्ही टोकांपर्यंत फिरवले, टिल्टच्या प्रत्येक स्थितीत खटका बसतो का ते पाहिले, इंडिकेटर वळणानंतर आपोआप परत येतो का, हॉर्न वाजतो का आणि चावी काढल्यावर स्टिअरिंग लॉक होते का हे तपासले. डुलणे पूर्ण थांबले आहे. उरलेला किंचित प्ले, म्हणजे ढिलेपणा, खाली, कॉलम आणि स्टिअरिंग बॉक्स यांच्या मधल्या रबरी जोडाचा आहे, आणि तो या संचाच्या कक्षेत येत नाही.

ज्यांच्याकडे याच काळातली, एअरबॅग नसलेली जनरल मोटर्सची गाडी आहे आणि स्टिअरिंग वरखाली डुलते आहे, त्यांनी हा संच घ्यावा. मात्र मॅन्युअल, ई-८ गोटी आणि लोहचुंबक यांचा खर्च आधीच धरून ठेवावा आणि पुलर उसना आणावा. लॉक प्लेटचे व पिनेचे हत्यार सुटे मिळत असेल तर तेवढेच घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल. एअरबॅग असलेल्या गाडीचा कॉलम नवशिक्याने या किंवा कोणत्याही संचाच्या जोरावर उघडू नये. पाचांपैकी मी या संचाला तीन तारे देतो. चौथा तारा त्या ई-८ गोटीसाठी राखून ठेवला होता. विक्रेत्याला तसे कळवले, तेव्हा त्याने चपट्या आट्यांच्या बोल्टाऐवजी नवा बोल्ट विनामूल्य पाठवला, पण गोटीविषयी एक अक्षरही लिहिले नाही.