नेक्स्टस्ट्रेन आणि नेक्स्टक्लेड: प्रयोगशाळेत वापरून पाहिल्यावर

रुग्णाच्या स्वॅबमधील विषाणूचे जिनोम सिक्वेन्सिंग (संपूर्ण जनुकीय संचाचे वाचन) पूर्ण झाले, की हाती येते ती अक्षरांची एक लांबच लांब ओळ. करोनाच्या संदर्भ जिनोममध्ये (तुलनेसाठी प्रमाण मानलेल्या जिनोममध्ये) ती २९,९०३ अक्षरांची आहे. या ओळींवरून साथीचा माग काढण्यासाठी आम्ही नेक्स्टस्ट्रेन ही विनामूल्य, मुक्तस्रोत सेवा वापरतो. सिअ‍ॅटलचे ट्रेव्हर बेडफर्ड आणि बाझेलचे रिचर्ड नेहर यांच्या गटांनी ती उभारली असून २०१७ साली तिला ओपन सायन्स प्राइझ मिळाले.

रोजच्या कामात मला तिचे नेक्स्टक्लेड हे साधन अधिक मोलाचे वाटते. फास्टा फाइल (जिनोमची अक्षरे साठवणारी मजकूर फाइल) ब्राउझरमध्ये ओढून टाकली, की प्रत्येक नमुन्याचा गट, त्यातील म्यूटेशन्स (संदर्भ जिनोमच्या तुलनेतील बदल) आणि न वाचले गेलेले भाग थोड्याच वेळात समोर येतात. सगळी आकडेमोड आपल्याच संगणकावर होते आणि जिनोम बाहेर कुठेही पाठवला जात नाही, हा मोठा दिलासा आहे. पीसीआर चाचणीत विषाणू दिसेपर्यंत लागणाऱ्या आवर्तनांचा आकडा, म्हणजे सीटी व्हॅल्यू, तिसाच्या वर गेलेल्या नमुन्यांत विषाणू कमी असल्याने जिनोममध्ये बरेचदा मोठी खिंडारे राहतात. असे नमुने लाल खुणेने वेगळे दिसतात. आमच्या एका तुकडीत दोन नमुने एकमेकांत मिसळल्याची शंका मिश्र अक्षरांच्या (एकाच जागी एकाहून अधिक अक्षरे दिसल्याच्या) खुणेमुळेच आली आणि आम्ही ते काम पुन्हा केले.

नेक्स्टस्ट्रेनचा वंशवृक्ष, म्हणजे जिनोमांचे परस्पर नाते दाखवणारी आकृती, पाहताना विषाणूच्या स्पाइक प्रथिनातील ४८४ हे स्थान निवडून फांद्या रंगवता येतात, आणि ही सोय महाराष्ट्रातील वाचकाने अवश्य वापरावी. २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यातील सुमारे १५ ते २० टक्के नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर ही (स्पाइकमधील ४८४ आणि ४५२ या स्थानांवरील) म्यूटेशन्स आढळल्याचे सांगितले होते. त्याच वंशातील कप्पा या करोनाच्या प्रकारात ही दोन्ही आहेत, तर पुढे जगभर पसरलेल्या डेल्टामध्ये सहसा ई४८४क्यू नाही. वर्तमानपत्रांतील ‘डबल म्यूटंट’ या एका नावाखाली झाकला गेलेला हा फरक रंगांत लगेच उमगतो.

नेक्स्टस्ट्रेनवरील प्रसाराचा नकाशा मात्र जपून वाचावा. त्यावरील रेषा म्हणजे प्रवासाची नोंद नव्हे, तर वृक्षावरून काढलेले अनुमान असते. ज्या देशाने अधिक नमुने वाचले तो अधिक ठळक दिसतो. नमुने निवडून हा तोल सावरण्याचा प्रयत्न होतो, पण जे नमुने कोणी वाचलेच नाहीत ते कुठून येणार? शिवाय या विषाणूत महिन्याला सरासरी दोनच बदल टिकत असल्याने एकाच घरातील रुग्णांचे जिनोम तंतोतंत सारखे निघू शकतात, आणि लागण कोणाकडून कोणाला झाली हे केवळ त्यावरून ठरत नाही.

आपले जिनोम या वृक्षात बसवू इच्छिणाऱ्या प्रयोगशाळांना एक विनंती आहे. फांद्यांचा कालक्रम नमुना घेतल्याच्या तारखेवर बेतलेला असतो, त्यामुळे नोंदीत अहवालाची नव्हे, तर स्वॅब घेतल्याचीच तारीख लिहावी.